मोकळ्या जागेच्या शोधात

शेवट आधीच सांगून टाकतो. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या एका झोनमध्ये लोकांनी ठेवलेल्या व्हॉल्यूमपैकी, म्हणजे भाड्याच्या डिस्कपैकी, ०.०७ टक्के धड परत मिळाले नाहीत. दहा हजारांमागे सात. आग लागली नव्हती, वीज गेली नव्हती, कोणी घुसखोरी केली नव्हती. पुढच्या सगळ्या वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या आहेत, कारण ॲमेझॉनने आपला अहवाल त्याच घड्याळावर लिहिला. व्हर्जिनियाचे घड्याळ तीन तास पुढे, आपले साडेबारा तास.

मार्च २०११, महिन्याचा मध्य

रेडिट ही वेबसाइट सहा तास बंद पडली. तिचा डेटा ॲमेझॉनच्या ईबीएस या साठवण-सेवेवर होता. ईबीएसच्या काही डिस्क मंदावल्या आणि त्यांच्यावरचे डेटाबेस बसले. रेडिटच्या तंत्रज्ञांनी काय झाले ते उघडपणे लिहिले आणि ईबीएसवरून हळूहळू बाहेर पडत असल्याचेही सांगितले. काम मोठे होते, माणसे मोजकी. पुढच्या महिन्यापर्यंत ते संपले नाही.

बुधवार, २० एप्रिल २०११, रात्र

ॲमेझॉनचा क्लाउड तेव्हा जगात पाच विभागांत होता. मुंबईचा नंबर लागायला अजून पाच वर्षे होती. सर्वांत जुना विभाग उत्तर व्हर्जिनियाचा. विभागाचे झोन पाडलेले होते. एक झोन पडला तरी शेजारचा उभा राहील, ही ग्राहकाला दिलेली मुख्य हमी.

ईबीएस म्हणजे भाड्याची डिस्क. ऑगस्ट २००८ मध्ये ही सेवा सुरू झाली. भाड्याच्या सर्व्हरला ती जोडली की घरच्या हार्ड डिस्कसारखी वागते. प्रत्यक्षात तिच्यातला डेटा एका झोनमधल्या अनेक यंत्रांच्या, म्हणजे नोडच्या, समूहात एकाहून जास्त नोडवर प्रती करून ठेवलेला असतो. कोणती प्रत कुठे ठेवायची हे माणूस ठरवत नाही. नोड आपापसांत ठरवतात, आणि त्यासाठीचे नियम आधी घालून दिलेले असतात. त्या आठवड्यात जे घडले ते बहुतांशी या नियमांनीच घडवले, म्हणून ते नीट पाहून ठेवावेत.

जोडीदार नोडशी संपर्क तुटला, तर तो मेला असे धरायचे. लगेच समूहात मोकळी जागा असलेला दुसरा नोड शोधायचा आणि तिथे नवी प्रत करायची. याला री-मिररिंग म्हणतात. एरवी अशी जागा सापडायला काही मिलिसेकंद लागतात. नवी प्रत कोणीतरी ताब्यात घेतल्याची खात्री होईपर्यंत हातातली जुनी प्रत सोडायची नाही. आणि लिहिण्याची मुख्य प्रत कोणती हे ठरेपर्यंत ग्राहकाला त्या डेटाला हात लावू द्यायचा नाही.

यातला एकही नियम निष्काळजी नाही. प्रत्येक नियम डेटा हरवू नये म्हणूनच केलेला आहे. समोरचा मेला की नुसता गप्प आहे, हे ठरवायला किती वेळ द्यायचा, एवढाच काय तो वादाचा मुद्दा. आज ‘सेफ’ ही मुक्तस्रोत साठवण-प्रणाली गप्प झालेले यंत्र समूहाबाहेर काढण्याआधी सहसा ६०० सेकंद थांबते. तिचे चालक देखभालीचे काम काढण्यापूर्वी ‘नोआउट’ नावाचा झेंडा लावतात, म्हणजे काम चालू असताना प्रतींची हलवाहलव होत नाही. ईबीएसचा स्वभाव उलटा होता. तिथे वेगाला किंमत होती.

नोड एकमेकांशी दोन नेटवर्कवरून बोलत. मुख्य नेटवर्क रुंद. रोजची सगळी वाहतूक त्यावरून. दुसरे अरुंद, मुख्य नेटवर्कला अडचण आली तर नोडना एकमेकांची खबर मिळत राहावी आणि प्रतींची थोडी जादा वाहतूक निभावावी एवढ्यासाठीचे. मुख्य नेटवर्कचा सगळा भार पेलणे हे त्याचे काम कधीच नव्हते.

या सगळ्याच्या वर कंट्रोल प्लेन. नवा व्हॉल्यूम हवा, जोडायचा आहे, काढायचा आहे, असल्या मागण्या तो घेतो आणि योग्य समूहाकडे पोचवतो. दोन प्रतींमधली खरी कोणती, याचा शेवटचा निवाडाही त्याचाच. समूह झोनगणिक वेगळे होते. कंट्रोल प्लेन मात्र अख्ख्या विभागाला मिळून एकच, झोनांमध्ये पसरलेला, पण एकच.

गुरुवार, २१ एप्रिल, रात्री १२.४७

एका झोनमध्ये मुख्य नेटवर्कची क्षमता वाढवण्याचे काम सुरू झाले. नेहमीचे काम. व्हर्जिनियात पहाटेचे ३.४७ वाजले होते, पुण्या-मुंबईत दुपारचे १.१७. वाहतूक कमीत कमी असते म्हणून अशा कामाला हीच वेळ निवडतात.

कामाची एक ठरलेली पायरी अशी : मुख्य नेटवर्कवर दोन राउटर एकमेकांना पर्याय म्हणून असतात. ज्याचे काम करायचे त्याच्यावरची वाहतूक दुसऱ्यावर वळवायची, मग पहिला मोकळा करून सुधारायचा. वाहतूक वळवली गेली. पण मुख्य नेटवर्कच्या दुसऱ्या राउटरवर नव्हे. ती अरुंद नेटवर्कवर गेली.

समूहाच्या एका भागाला त्या क्षणी दोन्ही नेटवर्क उरली नाहीत. मुख्यावरून वाहतूक मुद्दाम काढून घेतली होती आणि दुसऱ्याला ती झेपत नव्हती. एक नेटवर्क गेले तर काय करायचे याचा विचार झालेला होता. दोन्ही एकदम जाण्याची वाट या कामानेच उघडली.

बहुसंख्य नोड चालू होते. त्यांच्यावरच्या प्रती शाबूत होत्या. फक्त त्यांना एकमेकांचा आवाज येत नव्हता, आणि नियमाप्रमाणे ज्याचा आवाज येत नाही तो मेलेला.

चूक मागे घेतल्यावर

वळवलेली वाहतूक पुन्हा जागेवर आणली गेली. नेटवर्क परत आले. एवढ्यावर हा प्रसंग संपायला हरकत नव्हती. नोड जिवंत, प्रती जिवंत, वाट मोकळी.

पण नोडनी आपल्या जोडीदारांना मृत धरले होते, आणि नेटवर्क आल्याबरोबर ते जुन्या जोडीदाराकडे न वळता नवी जागा शोधायला लागले. एकाच वेळी, मोठ्या संख्येने. प्रत्येकाला एका प्रतीपुरती मोकळी जागा हवी होती. जुनी प्रत सोडायची नाही हा नियम असल्याने नवी जागा कुठूनच रिकामी होत नव्हती. समूहात राखून ठेवलेली शिल्लक एखाद-दुसरा नोड गेला तर पुरेल अशी होती. ती पाहता पाहता संपली.

ज्यांना जागा मिळाली ते सुटले. ज्यांना मिळाली नाही ते शोधत राहिले. शेजाऱ्याला विचारले, नाही. पुढच्याला विचारले, नाही. पुन्हा पहिल्याला. दोन विचारण्यांमध्ये थांबण्याचा काळ प्रत्येक नकारानंतर वाढवत न्यावा, ही संगणकशास्त्रातली जुनी शिस्त. नोडच्या कोडमध्ये ती होती, पण पुरेशी नव्हती.

ॲमेझॉनच्या अहवालात या अवस्थेला री-मिररिंगचे वादळ म्हटले आहे. झोनमधले सुमारे १३ टक्के व्हॉल्यूम अडकले.

त्याच वेळी, ग्राहकाच्या यंत्रावर

‘अडकले’ म्हणजे नेमके काय, ते ग्राहकाच्या बाजूने पाहावे. सर्व्हर चालू आहे. त्यावरचा डेटाबेस एक नोंद डिस्कवर लिहायला पाठवतो. उत्तर येत नाही. चूक झाल्याचा संदेशही येत नाही. तो आला असता तर डेटाबेसने हात वर केले असते आणि निदान कुणाला तरी फोन गेला असता. इथे फक्त वाट पाहणे आहे. पडद्यावर प्रोसेसर रिकामा दिसतो, लोडचा आकडा मात्र चढत जातो, कारण एकामागून एक प्रोसेस त्याच डिस्कपाशी येऊन थांबते. लिनक्समध्ये अशा प्रोसेससमोर ‘डी’ हे अक्षर दिसते. ती ‘किल -९’ दिल्यानेही मरत नाही. डिस्क उत्तर देईल तेव्हाच ती हलेल.

रात्री १.४१

ॲमेझॉनच्या स्थितीफलकावर पहिली ओळ उमटली. ईबीएसच्या व्हॉल्यूमचा विलंब, चुका आणि काही सर्व्हरशी संपर्क होत नसल्याचे तपासत आहोत, अशा आशयाची. काम सुरू झाल्याला ५४ मिनिटे झाली होती.

रात्री २.१८

दुसरी महत्त्वाची नोंद. त्रास एकाहून अधिक झोनमध्ये असल्याची कबुली. वाचणाऱ्याने इथे थबकायला हवे होते. बिघाड एका झोनमधल्या एका समूहातला. शेजारच्या झोनना त्याची झळ का लागावी?

उत्तर कंट्रोल प्लेनमध्ये होते. बिघडलेल्या समूहात जागा नसल्यामुळे ‘नवा व्हॉल्यूम द्या’ ही मागणी पुरी होत नव्हती. ती फेटाळलीही जात नव्हती, कारण तिच्यासाठीचा टाइमआउट, म्हणजे वाट पाहण्याची मुदत, लांब ठेवलेला होता. रेल्वे आरक्षणाच्या खिडक्या सगळ्या गाड्यांना मिळून असतात. एका बंद पडलेल्या गाडीचे प्रवासी प्रत्येक खिडकीपाशी ठाण मांडून बसले, तर बाकीच्या गाड्यांची तिकिटेही निघत नाहीत. कंट्रोल प्लेनकडे मागण्या हाताळणारे थ्रेड मोजके होते आणि ते विभागभराला सामाईक होते. एका झोनच्या मागण्यांनी ते सगळे अडवून धरले.

टाइमआउट लांब ठेवणाऱ्याचा विचारही चुकीचा नसावा. घाईने ‘नाही’ म्हणण्यापेक्षा थोडे थांबून ‘हो’ म्हणणे ग्राहकाला बरे वाटते. शांत दिवशी.

रात्री २.४०

बिघडलेल्या झोनमध्ये नवा व्हॉल्यूम मागण्याची सोय ॲमेझॉनच्या पथकाने पूर्ण बंद केली. सुरुवातीपासून १ तास ५३ मिनिटे.

रात्री २.५०

बाकीच्या झोनमधल्या चुका आणि विलंब पूर्ववत झाले. दहा मिनिटांत फरक पडला. निदान बरोबर होते.

रात्री ३ ते पहाटे ५

स्थितीफलकावरच्या नोंदी सुधारणेच्या होत्या. एरर कमी होत आहेत, काही व्हॉल्यूमचा विलंब गेला आहे. त्या खोट्या नव्हत्या. कंट्रोल प्लेन खरोखरच सावरला होता.

समूह सावरला नव्हता. आत शोध चालूच होता, आणि त्याने एक जुनी गोष्ट जागी केली. नोडवरच्या कोडमध्ये एक दोष होता, ज्याला रेस कंडिशन म्हणतात : प्रतीसाठी केलेल्या विनंत्या मोठ्या संख्येने एकदम बंद करताना दोन कामे एकमेकांच्या आड येऊन नोड कोसळायचा. शक्यता अगदी बारीक. नेहमीच्या दिवसांत अशा विनंत्या इतक्या थोड्या असत की नोड त्यापायी क्वचितच पडे, आणि एखादा पडला तरी त्याच्या प्रती दुसरीकडे उभ्या राहत.

आता विनंत्यांचा पूर होता. बारीक शक्यतेला प्रचंड संख्येने गुणले जात होते. नोड पडू लागले, आणि या वेळी खरोखर. पडलेल्या प्रत्येक नोडवरच्या प्रतींना नवी जागा हवी झाली, म्हणजे शोधणारे वाढले, म्हणजे विनंत्या वाढल्या, म्हणजे आणखी नोड पडले.

पहाटे ५.३०

विभागभर चुका आणि विलंब पुन्हा वाढले. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेआठ झाले होते, कचेऱ्या उघडण्याची वेळ.

या खेपेला वाट वेगळी होती. व्हॉल्यूमची नवी प्रत करायची तर ग्राहकाचा सर्व्हर, प्रती बाळगणारे नोड आणि कंट्रोल प्लेन यांच्यात वाटाघाट होऊन एकच मुख्य प्रत ठरावी लागते. दोन ठरल्या तर एकाच डिस्कवर दोन सत्ये लिहिली जातील. त्यामुळे प्रत्येक अडकलेला व्हॉल्यूम निवाड्यासाठी कंट्रोल प्लेनकडे येत होता, निकाल अमलात येत नसल्यामुळे पुन्हा येत होता, आणि पडणारे नोड त्यात मिनिटागणिक भर घालत होते. २.४० ला बंद केले ते एक दार. ही गर्दी दुसऱ्या दाराने आली.

सकाळ

याच विभागातून चालणाऱ्या वेबसाइट : क्वोरा बंद. फोरस्क्वेअर बंद. हूटसूट बंद. रेडिटने स्वतःला फक्त वाचण्यापुरते चालू ठेवले, लिहिण्याची सोय काढून टाकली.

ग्राहकांनी एकमेकांना विचारून काही ताळमेळ लावावा, तर तेही सोपे नव्हते. ‘यूएस-ईस्ट-१ए’ हे नाव एका खात्यात ज्या झोनचे, दुसऱ्या खात्यात त्याच झोनचे असेलच असे नाही. सगळ्यांनी पहिल्याच नावावर गर्दी करू नये म्हणून ॲमेझॉन ही नावे खात्यागणिक फिरवून देत असे. चांगली युक्ती. पण त्या सकाळी ‘तुमचा कुठला झोन पडला?’ या प्रश्नाच्या उत्तराचा कोणाला उपयोग नव्हता.

नेटफ्लिक्सच्या प्रेक्षकांना फारसे काही जाणवले नाही. तीही याच विभागात होती. पण तिची रचना तीनपैकी एक झोन गेला तरी चालावे अशी होती, आणि मुख्य डेटासाठी तिने ईबीएसवर भिस्त ठेवली नव्हती. चालू यंत्रे मुद्दाम पाडून पाहणारा ‘केऑस मंकी’ हा प्रोग्राम तिने त्याआधीच वापरात आणला होता.

सकाळी ८.२०

पथकाने बिघडलेला समूह आणि कंट्रोल प्लेन यांच्यातला सगळा संवाद तोडायला सुरुवात केली. निर्णय कडू होता. त्या झोनमधल्या कोणत्याही ग्राहकाला आपल्या ईबीएस डिस्कबाबत काहीही करता येणार नव्हते : जोडता येणार नव्हती, काढता येणार नव्हती, तिची नक्कलप्रत घेऊन दुसऱ्या झोनमध्ये पळता येणार नव्हते. मोबदल्यात बाकीचा विभाग वाचला.

सकाळी ८.५४

स्थितीफलकावर पहिल्यांदा कारण आले. पहाटेच्या एका नेटवर्क-प्रसंगामुळे मोठ्या प्रमाणावर री-मिररिंग झाले आणि त्यातून एका झोनमध्ये जागेची टंचाई झाली, असे. काम सुरू झाल्याला आठ तास झाले होते.

सकाळी ११.३०

दोन गोष्टी याच सुमारास मार्गी लागल्या.

पहिली : नोडना जागेचा निष्फळ शोध थांबवायला लावायचा, पण त्यांच्यातला बाकीचा आवश्यक संवाद तोडायचा नाही, अशी युक्ती पथकाला सापडली. ती लागू केल्यावर समूहाची घसरण थांबली. रेस कंडिशनमुळे तोवर आणखी ५ टक्के व्हॉल्यूम अडकले होते. दरम्यान थोडीफार जागा निर्माण होऊन काही सुटलेही होते. बेरीज-वजाबाकी होऊन अडकलेल्यांचा आकडा तोच राहिला, १३ टक्के. सकाळभर फक्त हा आकडा पाहत बसलेल्याला काहीच हललेले नाही असे वाटले असते.

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी. बाकीच्या झोनमध्ये ईबीएसवर चालणारा नवा सर्व्हर सुरू करताना रात्रीपासूनच चुका येत होत्या. शेजारच्या झोनमध्ये नवा सर्व्हर उभा करून निसटणे हाच तर ग्राहकाचा मार्ग. तोच खडखडत होता. कारण कंट्रोल प्लेनमधली एकच विशिष्ट सेवा, नव्या सर्व्हरला डिस्क जोडून देणारी. तिच्यासाठी वेगळी धोक्याची घंटा नव्हती. मोठ्या बिघाडाच्या गोंगाटात तिच्या चुका मिसळून गेल्या. दुरुस्ती सापडल्यावर अर्ध्या तासात, दुपारी बाराला, सगळे जवळपास सुरळीत झाले. त्याआधी अकरा तास गेले होते.

दुपारी १२.०४

बिघाड एका झोनपुरता आवळला गेला. नवे व्हॉल्यूम अडकणे थांबले. आता हवी होती ती जागा, फक्त जागा.

दुपार ते मध्यरात्र

इथे दोन नियमांनी पुन्हा वाट अडवली.

पडलेला नोड, त्याच्यावरच्या प्रत्येक प्रतीची नवी प्रत झाल्याशिवाय पुन्हा वापरात घ्यायचा नाही, असे समूहाचे धोरण होते. समूह विचित्र वागला तर त्या नोडवरून डेटा काढता यावा म्हणून. पथकाने हा नियम मोडला नाही. माझ्या मते त्या चार दिवसांतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो काहीतरी न करण्याचा होता. पडलेले नोड पुसून वापरले असते तर जागा लगेच मिळाली असती, आणि ०.०७ हा आकडा बहुधा वेगळा असता.

त्याऐवजी विभागातल्या इतर ठिकाणचे जादा सर्व्हर प्रत्यक्ष उचलून आणावे लागले. क्लाउड म्हटले की सगळे पडद्यावरच्या बटणावर होते असे वाटते. त्या दुपारी ते रॅकमधून काढणे, नेणे, बसवणे, केबल जोडणे असे होते.

सर्व्हर बसले तरी समूहाला ते दिसत नव्हते. साडेअकराला ज्या युक्तीने शोध बंद केला होता, तिच्यामुळे नोड आता नव्या जागेचीही चौकशी करत नव्हते. चौकशी पूर्ण उघडावी तर जुन्या भरलेल्या नोडवर पुन्हा विनंत्यांचा लोंढा. नळ किंचित सैल करायचा, फक्त नव्या सर्व्हरच्या दिशेने. त्यात रात्र गेली.

शुक्रवार, २२ एप्रिल, रात्री २.००

नवी जागा मोठ्या प्रमाणावर समूहात येऊ लागली. १२.०४ पासून जवळपास १४ तास. त्या दिवशी गुड फ्रायडे होता. ईस्टरची सलग सुट्टी लागलेली.

दुपारी १२.३०

झोनमधले सुमारे २.२ टक्के वगळता सगळ्या व्हॉल्यूमच्या प्रती पूर्ण झाल्या. त्यातले बरेच ग्राहकाला मात्र अजून अडकलेलेच दिसत होते. मुख्य प्रत कोणती हे ठरवणारा कंट्रोल प्लेन आदल्या सकाळपासून तोडलेला होता.

डेटाबेसवाल्यांचे हाल याहून जास्त. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस-सेवेत एकाच झोनमध्ये असलेल्यांपैकी त्या झोनमधले ४५ टक्के ऐन बिघाडात अडकले होते. चोवीस तासांनंतरही ४१ टक्के. व्हॉल्यूम १३ टक्के आणि डेटाबेस ४५ टक्के, हे कसे? एक डेटाबेस अनेक व्हॉल्यूमवर पसरलेला असतो आणि त्यातला एक अडकला तरी सगळा थांबतो. चार व्हॉल्यूम धरून कागदावर गणित केले तर चारही सुटे असण्याची शक्यता ५७ टक्क्यांच्या आसपास येते. वेग वाढावा म्हणून पसरवलेले तुकडे संकटातही तितक्याच पटीने सापडतात.

ज्यांनी जास्त पैसे मोजून दोन झोनमध्ये डेटाबेस ठेवला होता, त्यांच्यापैकीही २.५ टक्के आपोआप दुसऱ्या झोनवर गेले नाहीत. आधी नेटवर्क तुटणे आणि लगोलग डिस्क अडकणे, या क्रमाने एक आजवर न दिसलेला दोष वर आला. दुसरीकडे उडी मारली तर डेटा हरवेल की नाही, याची यंत्रणेला खात्री देता येईना, म्हणून ती थांबली. माणसाला हात घालावा लागला.

शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार सकाळ

तोडलेला संवाद जोडायचा होता. दोन्ही बाजूंना दीड दिवसाच्या न पोचलेल्या खबरा साचल्या होत्या. एकदम सोडल्या तर कंट्रोल प्लेन तिसऱ्यांदा बसणार. घाईने बनवलेले लगाम फार जाडेभरडे निघाले. ज्या विनंत्या जायला हव्या होत्या त्याही अडल्या. रात्रभर बारीक लगाम लिहिले गेले. शिवाय या एका झोनसाठी कंट्रोल प्लेनची वेगळी आवृत्ती उभारली गेली, म्हणजे ती पडली तरी शेजाऱ्यांना धक्का लागू नये. झोन वेगळे आणि कंट्रोल प्लेन एक, ही बुधवारपर्यंतची मांडणी निदान या एका ठिकाणी तात्पुरती मोडली गेली.

शनिवार, २३ एप्रिल

सकाळी ११.३० नंतर साचलेले काम सलग उरकू लागले. दुपारी ३.३५ ला झोनचा कंट्रोल प्लेनशी संबंध पूर्ण जोडला गेला आणि राहिलेले बहुतेक व्हॉल्यूम वापरण्याजोगे झाले. संध्याकाळी ६.१५ ला त्या झोनमधल्या ग्राहकांना आपल्या डिस्कवर पुन्हा ताबा मिळाला. सुरुवातीपासून साडेपासष्ट तास.

२.२ टक्के शिल्लक होते. बिघाडाच्या सुरुवातीलाच पथकाने खबरदारी म्हणून या व्हॉल्यूमच्या नकला एस३ या दुसऱ्या साठवणीत काढून ठेवल्या होत्या. त्यावरून व्हॉल्यूम परत उभे करणारा कोड लिहून, तपासून, रात्रभर गठ्ठ्यागठ्ठ्याने चालवला गेला.

रविवार, २४ एप्रिल, दुपारी १२.३०

१.०४ टक्के उरले. यांचे यंत्र खरोखर बिघडले होते आणि नक्कल काढायला सवड मिळाली नव्हती.

दुपारी ३.००

त्यांची एकेक करून तपासणी झाल्यावर परत मिळवण्याचे काम सुरू झाले. बहुतेक मिळाले. ०.०७ टक्के सुसंगत अवस्थेत मिळाले नाहीत.

शुक्रवार, २९ एप्रिल

ॲमेझॉनने सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. बाधित झोनमध्ये काही चालवत असलेल्या ग्राहकांना दहा दिवसांचे भाडे माफ झाले, त्यांना त्रास झालेला असो वा नसो. नेटवर्कमधले बदल अधिक स्वयंचलित होणार होते. शिल्लक जागा वाढवली होती. टाइमआउटचा आणि सामाईक थ्रेडचा फेरविचार होणार होता.

नोडच्या वागण्यात होणारा बदल अहवालात एका वाक्यात आहे. मोठा बिघाड दिसला की नोडनी शोधाचा वेग झपाट्याने कमी करायचा, आणि नव्या जागेमागे धावण्याऐवजी आधीच्या प्रतींशी पुन्हा संपर्क जोडण्यावर भर द्यायचा. २१ तारखेच्या रात्री नेटवर्क परत आले तेव्हा त्या प्रतींपैकी बहुतेक जागच्या जागी होत्या.

रेस कंडिशनचे मूळ सापडले होते. दुरुस्ती लिहून तयार होती. ती तपासून बाकीच्या समूहांवर चढवायला दोनेक आठवडे लागणार होते.